दादा हरला ती शर्यत

दादाच्या शोकसभेत जिमचे मालक म्हणाले, "आज असता तर रोइंग मशीनवर देशात पहिला आला असता." त्यांनी त्याचा फोटो मढवून आणला होता, खाली 'चॅम्पियन' असं लिहून. तो मशीनच्या वर लावायचा होता. पिंपळे गुरवच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांनी माना हलवल्या. मी हलवली नाही.

माझा भाऊ राष्ट्रीय स्पर्धांत दहा हजार मीटर धावलेला. त्यावरच त्याला चाकणच्या कंपनीत नोकरी लागली. टाच कायमची दुखावली, पळणं सुटलं, तेव्हा तो त्या मशीनकडे वळला. पुढेमागे सरकणारी बैठक, हातात साखळीचा दांडा. पाण्याशिवाय होडी वल्हवायची.

"भाऊ, हे पळणाऱ्याचं काम नाही," मालक तेव्हा म्हणाले होते. "वजन बघ की तुझं."

"वजन मी वाटेत टाकत आलो राव. आता गोळा करायला मागे जाऊ का?"

जिममध्ये त्या मशीनवर झालेल्या दोन हजार मीटरच्या शर्यतीत तो शेवटून दुसरा आला. पहिला आला एक आडदांड कबड्डीपटू, चाकणजवळच्या गावचा. दादाची शर्यत संपली तेव्हाही हा गडी फरशीवर आडवाच होता. दादाने उठून त्याला पाणी पाजलं.

घरी तो चिडून जेवत होता. "पळताना आपलं वजन आपणच वाहायचं, म्हणून हलका माणूस पुढे जातो. इथे वजन बैठकीवर असतं. मोठं अंग, मोठा जोर. माझ्याकडे दम होता गं, पण तो खर्चायला ताकदच नव्हती."

"मग सोड."

"का? हरलो म्हणून?"

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर तो परत त्याच बैठकीवर होता. रस्त्यावरच्या अपघातात तो गेला, त्या दिवसापर्यंत तिथे बसतच राहिला.

सभेत बोलायची मला सवय नाही. तरी उभी राहिले.

"पहिला आला नसता," मी म्हणाले. "चांगला धावपटू तिथे बरा ठरेल, पण मोठ्या अंगाच्या तयार माणसापुढे हरेल, हे त्यानंच मला समजावलं होतं. हे माहीत असूनही तो रोज बसायचा."

आत्याने माझा पदर ओढला. "अगं, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का?"

"हार त्याची स्वतःची आहे, आत्या. ती काढून घेऊन उसना नंबर कशाला चिकटवायचा?"

मागच्या खुर्चीवरून तो कबड्डीपटू म्हणाला, "व्हय, हरला हुता. आन मला पाणी बी त्यानंच पाजलं."

कोणीतरी हसलं. मालकांनी फोटोखालची पट्टी अंगठ्याने चाचपली. "मग इथं काय लिहू, ताई?"

"शेवटून दुसरा," मी म्हणाले. "अक्षर मोठं काढा."