दुखणं उलटलं

पौषातलं ऊन बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात आधी समोरच्या निंबाच्या शेंड्यावर थांबायचं, मग ओसरीच्या फरशीवर उतरायचं आणि सगळ्यात शेवटी खिडकीतून माझ्या लेकीच्या खाटेवर यायचं. पाण्यात उकळणाऱ्या सुयांचा, ओल्या चादरींचा आणि फिनेलचा मिळून जो एक वास त्या लांबलचक खोलीत मुरलेला होता, तो ऊन आलं की तापायला लागायचा. आम्ही घाटाखालचे, धामणगाव बढ्याकडचे. घाटावरची थंडी आमच्या अंगाला सोसत नाही. पण मी त्या उन्हाची वाट ऊब हवी म्हणून बघत नव्हतो. उजेड हवा म्हणून बघत होतो.

ऊन खाटेवर आलं की सुमन गोधडीतून दोन्ही पाय बाहेर काढायची आणि म्हणायची, "बाबा, मावा पडला का पाहा."

हे आमचं जुनं बोलणं. माझं शेत भाजीपाल्याचं. वांग्याचं पान वरून बघाल तर हिरवंगार, तुकतुकीत दिसतं आणि बघणारा फसतो. खरं काय ते पानाच्या पाठीवर असतं. पान उलटून बघावं तेव्हा माव्याची कीड दिसते, मोहरीसारखी बारीक, चिकटून बसलेली. सुमन चालायला लागली तेव्हापासून माझ्यामागे सरीतून फिरायची आणि पानं उलटायची. आता तिचं सतरावं वर्ष होतं, अकरावीचं वर्ष होतं, आणि मी तिच्या नडगीवर, पोटरीवर तसंच काहीतरी शोधत होतो: कातडीखाली उठणारे तांबडे, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. ते वाढले म्हणजे रक्त बिघडलं, एवढं मला डॉक्टरांनी शिकवून ठेवलं होतं. मी मोजायचो आणि जे असेल ते सांगायचो. "चार नवे हायेत," म्हणायचो. ती म्हणायची, "काल तीन होते." मी गोड बोलणारा माणूस नाही. माझ्या तोंडापायी भावकी तुटली, सोयरे दुरावले. पण बाबा आपल्यापाशी खोटं बोलणार नाही, एवढा एक भरवसा त्याच तोंडामुळे माझ्या लेकीला होता.

दुखणं आधीच्या वर्षीचं. तेव्हा ताप हटेना, अंगावर न लागता काळेनिळे डाग उठत, आणि पोरगी चुन्यासारखी पांढरी पडली. तिच्या मामानं मुंबईला नेली. तिथल्या डॉक्टरांनी रक्ताचा कॅन्सर सांगितला, गोळ्या दिल्या, रक्त दिलं, आणि तीन महिन्यांनी ती परत आली ती गोल चेहरा घेऊन. त्या गोळ्यांनी भूक अशी खवळायची की दोन भाकरी खाऊन तिसरीवर हात जायचा. आंब्याच्या झाडाखाली बसून ती खायची आणि मी बघत राहायचो. मला वाटायचं, हे जे आत जातंय ते सगळं रक्तच होतंय. गावातल्या बाया येऊन माझ्या बायकोला, दुरपताला, म्हणायच्या, "पोरगी अंगानं भरली वं माय, रंगही उजळला." एकानं तर सोयरिकीची गोष्ट काढली. ती सूज गोळ्यांची आहे आणि तो उजळपणा रक्त नसल्याचा आहे, हे डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं. दुरपतानं ते ऐकलं होतं. मी नुसता तिथे हजर होतो.

मुंबईहून आल्यावर तिला तपासायला बुलढाण्याला न्यायचो; तिथले डॉक्टर वयानं लहान, बोली पुण्याकडची. त्यांनी मला एक गोष्ट मात्र समजेल अशी सांगितली होती. "हे दुखणं पुन्हा डोकं काढू शकतं. सहा महिने असेच उलटले, की आपण जरा मोकळा श्वास घेऊ." मी तेवढं धरून बसलो. आषाढ उलटला, मी सुमनला म्हणालो, एक उलटला. श्रावण उलटला. पोळा झाला, दिवाळी झाली, कार्तिक उलटला. सकाळी उठल्यावर माझ्या डोक्यात देवाच्या नावाआधी तो शब्द यायचा. आणि सहावा सरायला चार दिवस उरले असताना, परसात चुलीपुढे बसलेल्या सुमनच्या नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेना. तिची ओढणी भिजली, दुरपताचा पदर भिजला. आम्ही तिला एस.टी.त घालून घाट चढलो. सगळ्या वळणांवर दुरपतानं तिचं डोकं धरून ठेवलं होतं, आणि मी बसलो होतो समोर, बोटांवर चार दिवस मोजत.

दवाखान्यात काचेच्या पट्टीवर रक्त घेऊन ते मोठ्या गावाला तपासायला पाठवलं. उत्तर यायला आठ दिवस लागले. हे आठ दिवस मी कसे काढले ते मला लिहिता येत नाही. टपालाची गाडी दिसली की फाटकापर्यंत धावायचो, नाही दिसली की खोलीत येरझारा घालायचो. शेजारच्या खाटेवर सोनाळ्याची एक म्हातारी मांडीचं हाड मोडून पडली होती. ती मला म्हणायची, "काऊन रे, पिंजऱ्यातल्या लांडग्यावानी फिरून राह्यला? बस न एका जागी. तुया पायाच्या आवाजानं माह्यं हाड दुखते." सुमन हसायची. हसताना ओठ आवळून धरायची, कारण हिरड्यांतून रक्त यायचं.

नवव्या दिवशी सकाळी डॉक्टर ओसरीवर भेटले. हातात कागद होता. अपघाताचा कोणी माणूस आला होता, दोन नर्सा त्यांना बोलवत होत्या, आणि जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "उलटलं हो दुखणं. उद्या बसून बोलू." आणि गेले.

आता कोणी म्हणेल, एवढं कळत नव्हतं का? कळत होतं. ताप उलटतो हे आमच्याकडे पोरंसोरं जाणतात. पण मी सहा महिने त्या एका शब्दाची वाट बघत होतो, आणि ज्याची वाट बघतो त्याचा चेहरा माणूस नीट बघत नाही. महिने उलटले, तसं दुखणं उलटलं. गेलं. कानानं त्याला हवा तो अर्थ उचलला आणि पायांना दिला. मी तसाच बसस्टँडवर गेलो, हॉटेलातून पावशेर पेढे घेतले, आणि उन्हातून धावत आलो, पंचेचाळिशीचा माणूस.

दारातूनच ओरडलो, "सुमे, उलटलं! दुखणं उलटलं!"

म्हातारी म्हणाली, "काय झालं बाप्पा? लेकरू झालं का कोनाले?" मी तिच्या हातावर दोन पेढे ठेवले. सुमन उठून बसली होती. ती माझ्याकडे बघत होती, आणि वांग्याचं पान हातात घेताना माझी नजर जशी होत असेल तशी तिची नजर होती.

"बाबा, डॉक्टर कसे म्हणले? त्याइचेच शब्द सांगा."

"म्हणले, उलटलं हो दुखणं. खांद्यावर हात ठेवला माह्या."

"हसले का?"

"त्याइले घाई होती."

तेवढ्यात दुरपता नळावरून धुणं घेऊन आली. मी तिलाही तेच ओरडून सांगितलं. ती ओलं लुगडं हातात धरून उभी राहिली, पाणी फरशीवर टपटपत होतं. तिनं सुमनकडे बघितलं. सुमननं मान हलवली, अगदी थोडी, माशी उडवावी तेवढी. मला वाटलं, आनंदानं बोलता येत नाही दोघींना.

"हाव," सुमन म्हणाली. "उलटलं. आणा इकडे पेढा."

तिनं दातानं अर्धा तोडला. राहिलेल्या अर्ध्याच्या कडेला एक तांबूस रेघ उमटली. मला वाटलं, केशर आहे. बसस्टँडच्या हॉटेलातल्या पेढ्यात केशर कुठून येणार, हा विचार मला त्या दिवशी शिवला नाही. तो अर्धा पेढा तिनं माझ्या तोंडात घातला आणि मी तो खाल्ला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी खोलीत बोलावून मला खुर्ची दिली. ते नवीन गोळ्यांचं बोलले, रक्ताच्या बाटल्यांचं बोलले, पुन्हा मुंबईला न्यायचं तर अंगात तेवढा जोर हवा म्हणाले. मी विचारलं, "पण उलटलं म्हणजे गेलं न साहेब?" त्यांनी चष्मा काढला. पोरगेलं तोंड होतं त्यांचं. म्हणाले, "अहो, उलटलं म्हणजे परत आलं."

मी वॉर्डात आलो तेव्हा ऊन खाटेवर पोचलं होतं. सुमननं पाय बाहेर काढले होते. "बाबा, मावा पडला का पाहा."

मी तिची नडगी उजेडाकडे वळवली. तिथे मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं. ठिपके एकमेकांत मिसळून गेले होते. मी दुसरी नडगीही वळवली. मग म्हणालो, "नाही. पान साफ आहे."

जन्मात पहिल्यांदा मी तिच्यापाशी खोटं बोललो. तिनं पाय गोधडीत ओढून घेतले आणि म्हणाली, "हाव."

पुढचा महिनाभर बाटलीतलं रक्त नळीनं उतरताना तिला थंडी वाजून यायची, आणि आम्ही दोघं दोन बाजूंनी तिला दाबून धरायचो. नवीन गोळ्यांनी तोंडात फोड आले, पाण्याचा घोटही डोळ्यांतून पाणी काढायचा. ताप चढला तो उतरला नाही. सोनाळ्याची म्हातारी काठी टेकत घरी गेली, जाताना सुमनच्या गालावरून हात फिरवून गेली. माघ लागला त्या आठवड्यात सुमन गेली. शेवटपर्यंत ती रोज सकाळी पाय उन्हात काढायची, आणि मी रोज सांगायचो, पान साफ आहे.

या गोष्टीला किती वर्षं झाली. मागच्या वैशाखात दुरपताही गेली, आणि आता मी हातानं भाकर थापतो. एक कड जाड, एक पातळ. परवा शेजारची सून विस्तव मागायला आली आणि दारातूनच म्हणाली, "आबा, भाकर उलटा न, जळून राह्यली."

 हा शब्द या चुलीपाशी मी किती वर्षांनी ऐकत होतो! दुरपता भाकर पालटायची. महिना तिच्या तोंडी सरायचा. मी शेतातून आलो की ती विचारायची, पानं पाठीकडून पाहिली का. इतकी वर्षं मी तिच्यासमोर जेवलो, आणि तिनं तो शब्द घरातून काढून टाकला आहे हे मला कळलं नाही. माझ्या त्या पेढ्याविषयी ती मला एका अक्षरानं बोलली नाही. फक्त मला पुन्हा तो शब्द ऐकू येऊ नये एवढी काळजी तिनं घेतली, मरेपर्यंत.

सून विस्तव घेऊन गेली. भाकरीचा करपट वास घरभर झाला होता. मला दुरपताला विचारायचं होतं, पण विचारायला ती नव्हती: सुमन "हाव, उलटलं" म्हणाली, ती डॉक्टरच्या अर्थानं म्हणाली, की पेढा तोंडात होता तेवढा वेळ तरी माझ्या? मी तव्याशी बसून राहिलो, आणि मग बोटांनी कड धरून भाकर पालटली.