पाठीवरचा तळहात

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात कापड होतं. नागपूरला आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत, यंत्राला लावून ते किती ताणलं की फाटतं हे मी बघत होतो. बाबा एवढंच म्हणाले, "शालू गेली रे... झोपेतच." यंत्र चालूच राहिलं. कापड काही फाटलं नाही. खरं सांगायचं तर, मनात पहिला विचार आला तो हाच, की हे आत्याला सांगायला हवं...

असं काही लिहायची मला सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तेही खेळाच्या कपड्यांचं डिझाइन शिकायला. वर्ध्याकडच्या जाम फाट्यावरून थोडं आत आमचं गाव. प्रवेश मिळाला तेव्हा बाबा म्हणाले, "कपडे शिवाले विद्यापीठ कायले पाहिजे?" उत्तर आत्यानं दिलं, "काऊन? तुह्या पोटाच्या मापाचा शर्ट आजवर कोणाले जमला का दादा? शिकू दे त्याले." बाबांसकट सगळे हसले आणि माझं जाणं ठरलं.

शालूआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. नवरा वारल्यावर माहेरी आली, ती इथलीच झाली. सकाळी अंगणवाडीत मदतनीस, संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मुलींना खो-खो शिकवायची. तिच्या खोलीत खिळ्यावर एक जुना शर्ट टांगलेला असे, ती शाळेच्या संघातून वर्ध्याला खेळली होती तेव्हाचा. पाठीवर सातचा आकडा, पण मधोमध पुसलेला. लहानपणी मला वाटायचं, धुऊन धुऊन गेला असेल. "धुऊन नाई रे, खो खाऊन खाऊन गेला तो," ती म्हणायची. मागून पाठीवर तळहात पडला की बसलेलीनं उठून धावायचं, आणि तळहात पडायचा नेमका त्याच जागी. शर्ट मात्र मुलांच्या संघातला उरलेला. खांदे लोंबते, बाह्या कोपराखाली. "आमी धावावं का शर्ट सांभाळावा?" असं ती अजूनही रागानं विचारायची. आपल्या मुलींनी वर्ध्याच्या स्पर्धेत स्वतःच्या मापाच्या कपड्यांत उतरावं, एवढंच तिला बघायचं होतं. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला मी तोच विषय घेतल्याचं सांगितलं, तर फोनमध्ये ती अशी ओरडली की मेसमधली पोरं जेवता जेवता वळून बघायला लागली.

मुलींची मापं घ्यायला मला संकोच वाटायचा, म्हणून नमुने आत्याच्याच मापाचे. पहिला घेऊन एस.टी.तून उतरलो तर ती स्टॉपवरच उभी. घरी चहालाही जाऊ दिलं नाही. पँट चढवून ती मैदानावर आली, ओळीत ऐटीत बसली आणि आसनाची शिलाई टर्रकन उसवली! मुली अक्षरशः लोळल्या. आत्यानं ओढणी कमरेला गुंडाळली, तीही हसत होती. "बाबू, तू हे उभ्या बाईसाठी शिवलं रे! आमी तर बसतो!" कॉलेजात कपडे चढवून बघायचा पुतळा कधी बसत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये एकदम आठवलं, आजोबांच्या पायजम्याला दोन मांड्यांच्या मधे कापडाची चौकोनी कळी असायची, ते शेतात दिवसभर उकिडवे बसायचे ते तिच्याच जोरावर. मी सीटवरून इतका उसळलो की शेजारच्या काकांनी विचारलं, "स्टॉप मागं गेला का?"

पुढच्या वेळी भांडण कॉलरवरून. मला कॉलर नको होती. "कॉलर नसन तर बनियान दिसन," आत्या हटून बसली. शेवटी तिच्या शब्दाखातर लावली. कप्तान असलेल्या प्रणालीनं शर्ट वरून चढवला, खांबाला जोरात वळसा घातला आणि कॉलर उडून तोंडावर आली. प्रणाली थेट दुसऱ्या खांबावर आदळली! आत्यानं घरून कात्री आणली, कॉलर कापून माझ्या हातात दिली. "बनियान तर बनियान."

आमची शेवटची भेट शेवटच्या नमुन्याची. त्यात कळी होती, कॉलर नव्हती, आणि आकडा मी खाली कमरेकडे सरकवला होता. पाठीची मधली जागा खोसाठी मोकळी. आत्या बसली, उठली, पुन्हा बसली. काहीच फाटलं नाही. मग तिला राहवेना. "मले घ्या ओळीत."

"आत्या, गुडघे!" मुली ओरडल्या.

"गुडघे माहे हायेत, तुमचे नाई."

पाऊस होऊन गेलेला, मैदानाची काळी माती हाताला लागत होती. मुलींनी तिला खो दिले, ती धावली, दमली, पुन्हा बसली. मग मला म्हणाली, "बाबू, आता तू दे." मी कधी खेळलेलो नाही. भीत भीत हात लावला.

"हा खो व्हय का माशी बसली? जोरात दे ना, जित्तं मानूस बसलं हाये इथं!"

मग मी सगळा तळहात आपटला आणि ओरडलो, "खो!" आत्या अशी उठली... खांबाला वळसा घालून पार टोकाला पोचली आणि तिथूनच ओरडली, "अंगावर कपडा हाये हे कळतच नाई रे!" एवढी शाबासकी मला कॉलेजात कोणी दिलेली नाही.

वर्ध्याची स्पर्धा ती गेल्यावर झाली. मुली आपापल्या मापाच्या कपड्यांत उतरल्या. आत्याच्या नावानं मापं मी घेतली, या वेळी न लाजता. पहिला सामना जिंकल्या, दुसरा हरल्या. धापा टाकत प्रणाली येऊन म्हणाली, "दादा, एकदाबी शर्ट सारखा नाई करावा लागला." मी तिथंच हसायलाही लागलो आणि रडायलाही.

आता कॉलेजात प्रदर्शन आहे. सगळे कपडे धुऊन, इस्त्री करून आणा, असं मॅडमनी बजावलंय. बाकीचे धुतले. आत्याचा शर्ट नाही. त्याच्या पाठीवर काळ्या मातीचे तळहात आहेत, एकावर एक, आणि सगळ्यांवर एक मोठा, बोटं फाकलेला... माझा. मॅडमना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग पाठ पुढे करून टांग.

तोवर तो तिच्याच खोलीत आहे, पुसलेल्या सातच्या शेजारी, त्याच खिळ्यावर. गेल्या रविवारी मैदानाकडे निघालेल्या मुली आत डोकावल्या. प्रणालीनं जुन्या शर्टावर हात मारला, "खो, आत्या!" मग एकेकीनं मारला. भिंतीवरचा खिळा हलत होता, मुली पळत मैदानावर गेल्या. सगळ्यात शेवटी मी उरलो. जोरातच मारला. हळू मारलेला तिनं चालवून घेतला नसता.