दाखवावं लागतं

शाळेतून बोलावणं गेलं की ती चपला दाराबाहेर काढायची. पुढं केलेल्या खुर्चीकडं न बघता भिंतीला टेकून उभी राहायची, आणि तक्रार पूर्ण ऐकून एवढंच म्हणायची, "पोरीला दुसऱ्याचं दुखणं दिसत नाय, मॅडम. दाखवावं लागतं."

मी तेव्हा बजाजनगरच्या एका खाजगी शाळेत चौथीला शिकवायचे. तिची मुलगी माझ्या वर्गात होती. लेकराची तक्रार ऐकून त्याला तिथंच बडवणाऱ्या आया तुम्हीही पाहिल्या असतील, आणि शिक्षकांशी भांडणाऱ्याही. ही दोन्ही करायची नाही. त्याचाच मला राग यायचा.

पैठणकडं त्यांची मेंढरं होती. सलग दोन वर्षं पाऊस गेला, तेव्हा ती विकून नवराबायको इकडं आले. तो कंपनीत हमाली करायचा, ही कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायची. आजूबाजूला नव्या खोल्या उठत होत्या, पाणी मात्र टँकरचं.

मुलगी हुशार होती. पण एकदा तिनं बाकावरच्या शेजारणीचं बोट दारात दाबलं आणि ती किंचाळत असताना शांतपणे बघत राहिली. एकदा टँकरपाशी एका म्हातारीची भरलेली कळशी लाथेनं पालथी केली. का, म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "ती काय करते ते बघायचं होतं." मी छडी मारली. ती रडली नाही. हात तसाच पुढं धरून माझ्याकडं बघत राहिली. मला तिची भीती वाटली, आणि त्या भीतीपोटी मी आणखी मारलं.

त्यावर तिची आई म्हणाली होती, "एखादं कोकरू असतं, मॅडम, हाक मारली तरी वळत नाय. काठी हाणली तर लई लांब पळतं. त्याला पायाशी घेऊन चालावं लागतं."

एका दुपारी ती मला फाटकाबाहेर दिसली. लेकीपुढं उकिडवी बसून तोंडं करत होती. ओठ खाली ओढून विचारलं, हे कोणतं? मुलगी म्हणाली, रडू. मग तिनं डोळे मोठे केले, श्वास धरला. मुलीला ओळखता येईना.

"हे भ्यालेलं. असं दिसलं की काय करायचं?"

"थांबायचं."

"व्हय," म्हणत तिनं लेकीच्या गालावरून हात फिरवला.

मी आत जाऊन सगळ्या शिक्षकांसमोर तिची नक्कल केली. डोळे मोठे करून, श्वास धरून. सगळे हसले. पुढं कितीतरी दिवस कोणीतरी म्हणायचं, मॅडम, ते भ्यालेलं तोंड दाखवा. मी दाखवायचे.

वर्ष संपायच्या आत इतर पालकांचा अर्ज आला, हिला शाळेतून काढा. तो अर्ज मीच लिहून दिला होता. दाखला न्यायला आई आली, तेव्हाही भांडली नाही. "गेला महिनाभर तिनं कुणाला हात लावला नाय," एवढंच म्हणाली. "तुमच्या ध्यानात आलं नसंल."

माझ्या ध्यानात आलं होतं.

बऱ्याच वर्षांनी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात मेंदूच्या डॉक्टर आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, काही मुलांच्या मेंदूत समोरच्याची भीती, वेदना टिपणारा भाग वेगळ्या तऱ्हेनं चालतो. अशा मुलांना शिक्षा फारशी पोचत नाही. चेहरे ओळखायला शिकवावं लागतं, आणि जमलं की जवळ घ्यावं लागतं. शेजारची शिक्षिका भराभर लिहून घेत होती. माझं पेन उघडंच राहिलं.

पुढच्या रविवारी मी पुंडलिकनगरच्या माझ्या घरून स्कूटीवर बजाजनगरला गेले. त्यांच्या खोल्यांच्या जागी चार मजली इमारत उभी होती. समोरच्या दारातली बाई म्हणाली, ते कधीच गेले. पुण्याकडं म्हणतात, नक्की कुणालाच माहीत नाही.

"तुम्ही कोण त्यांच्या?" तिनं विचारलं.

मुलीची शिक्षिका, असं सांगायला हवं होतं. मी म्हणाले, ओळखीची.

त्याही वर्षी पाऊस नव्हता. दारात पिंपांची रांग होती. तरी उन्हातून आलात म्हणून तिनं मला तांब्याभर पाणी आणून दिलं. खाली मान घालून मी ते प्यायले.