छत्तीस महिन्यांची वाटणी

मी तंद्रीत राहणारी बाई आहे, हे आधीच कबूल करते. दूध उतू जातं, उतरायचा थांबा मागे पडतो, समोरचा माणूस बोलून थांबलेला असतो आणि मी त्याच्या खांद्यावरून दिसणाऱ्या ढगात असते. जर्मनीत वीसबाडेनला राहायला गेलो तेव्हा तर माझं फावलंच. त्या गावात जमिनीतून गरम पाणी वर येतं. हिवाळ्यात सकाळी चौकातल्या कुंडातून वाफ निघायची, समोरच्या घरांवर चढायची आणि घरं अर्धीच उरायची. मुलीला किंडरगार्टनमध्ये सोडून मी तिथल्या बाकावर बसत असे. त्या वाफेत कुणाला काही उत्तर द्यावं लागत नसे.

नवरा अमेरिकन फौजेत हेलिकॉप्टर दुरुस्त करायचा. जवळच्या बाड हॉम्बुर्ग गावातल्या मराठी घरांत हे सांगितलं की क्षणभर शांतता पसरायची, कारण तिथले बाकीचे नवरे गाड्यांच्या नाहीतर सॉफ्टवेअरच्या कंपनीत. हा दहा वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर न्यू जर्सीला गेला, तिथलाच झाला आणि कॉलेज अर्धवट सोडून फौजेत शिरला. मी पुण्याची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय भूगर्भशास्त्र. लग्न ठरलं, व्हिसा आला. ‘तिकडे जाऊन पूर्ण कर की’ असं सगळे म्हणाले. तिकडे गेल्यावर कॉलेजच्या फीचा आकडा पाहून माझे डोळे पांढरे झाले. मग मुलगी झाली, मग जर्मनीला बदली झाली, आणि दगड, खनिजं, थर हे सगळं मी मनातल्या मनात उलगडून पुन्हा घडी घालून ठेवू लागले.

या नोकरीत एक गोष्ट होती. ठरावीक वर्षं काढली की माणसाला शिक्षणाचे छत्तीस महिने मिळतात. तेवढे महिने कॉलेजची फी सरकार भरतं. स्वतःला शिकायचं नसेल तर ते महिने बायकोला, मुलांना वाटून देता येतात. मात्र फुकट नाही. देणाऱ्याने आणखी चार वर्षं नोकरी करीन असं लिहून द्यावं लागतं. शिवाय नोकरीत असतानाच नावं घालायची. एकदा बाहेर पडलं की नवं नाव घालता येत नाही.

माझ्या नवऱ्याला बाहेर पडायचं होतं. बाड हॉम्बुर्गच्या एका मित्राने त्याच्यासाठी एका कारखान्यात शब्दही टाकला होता. गुडघे कुरकुरत होते, आणि पहिल्या तैनातीहून आल्यापासून दार जोरात लागलं की तो हातातलं खाली ठेवायचा. तरी एका संध्याकाळी तो फौजेच्या ऑफिसातून आला आणि म्हणाला, “मी साइन करतोय. आणखी चार वर्षं. मला काही पुस्तकात बसवत नाही, पण तुम्ही दोघी तरी शिका.” मी त्याला दोनदा विचारलं, नक्की का. तो म्हणाला, नक्की.

सही केल्यावर पंधरा दिवसांत अफगाणिस्तानचा हुकूम आला. एका रविवारी दुपारी तो खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या आमच्या खोलीत, सामान बांधत होता. खाली उतरताना लॅपटॉप माझ्यापुढे सरकवून म्हणाला होता, “तेवढं महिन्यांचं भरून टाक ना. फिफ्टी-फिफ्टी कर.”

पडद्यावर दोन नावं होती, माझं आणि मुलीचं, आणि प्रत्येक नावापुढे एक रिकामा चौकोन. मुलगी तेव्हा चार वर्षांची. ती टेबलाखाली बसून मोजे घालत होती आणि स्वतःशीच जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटत होती. मी तिच्या चौकोनात अठरा लिहिलं. मग वीस केलं. मग तीस. आमच्या घरात पोळ्या कमी पडल्या की आई म्हणायची, मला आज भूकच नाही. मावशी म्हणायची, काकू म्हणायची, आणि ते इतकं सहज म्हणायच्या की आम्हाला खरंच वाटायचं. मी मुलीच्या नावापुढे छत्तीस लिहिलं आणि माझ्यापुढे शून्य. लिहिताना छान वाटलं, खोटं कशाला बोलू. एखादं व्रत पुरं केल्यासारखं वाटलं.

“झालं का गं?” तो जिन्यातून ओरडला.

“झालं.”

त्याने येऊन न बघता बटण दाबलं. त्याचा माझ्यावर विश्वास होता, हे इथे लिहून ठेवते.

तो गेल्यावर रोज दुपारी तीनच्या सुमारास व्हिडिओ कॉल यायचा. तिकडे तेव्हा संध्याकाळ असायची. त्याच्या मागे पिवळट भिंत, आणि भिंतीवरही धूळ. चौथ्या की पाचव्या दिवशी त्याने विचारलं, “मग? कॉलेजचं काय केलंस? बायकोला लगेच वापरता येतात म्हणे.”

मला सांगता आलं असतं. पण त्याचा चेहरा इतका उत्सुक होता. मी म्हणाले, “माइन्झला जाते ना. पलीकडे.”

“सिरियसली? जिऑलॉजी?”

“हो.”

बोलून तर बसले, मग दुसऱ्या दिवशी खरंच गेले. बस ऱ्हाइनवरच्या पुलावर आली तेव्हा नदीवर इतकं धुकं होतं की आपण कशावरून चाललोय ते कळत नव्हतं. विद्यापीठात कुणी अडवलं नाही. जर्मनीत घर भाड्याने घ्यायला सतरा कागद लागतात, पण दोनशे जणांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायला एकही लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. प्राध्यापक म्हातारे होते, स्वेटरच्या कोपरांना ठिगळं लावलेली. त्यांनी दिवे मंद केले, नकाशा दाखवला आणि म्हणाले, इथे समुद्र होता.

एवढं वाक्य मला समजलं. पुढचं अर्धं समजलं नाही, पण चित्रं होती. आत्ता द्राक्षाचे मळे आहेत तिथे उथळ, कोमट पाणी होतं. त्यात शार्क होते, आणि समुद्रगायी गवत खात फिरायच्या. मी वही काढली. कित्येक वर्षांनी माझ्या हाताने शास्त्रातला शब्द लिहिला. त्या दिवशी परतताना मला बसच्या खिडकीबाहेर पाणीच दिसत होतं. सिग्नलच्या खांबांमधून मोठी, निवांत जनावरं जात होती. माझा थांबा अर्थातच मागे पडला. किंडरगार्टनला पोहोचायला उशीर झाला आणि तिथल्या बाईंनी मला वक्तशीरपणावर एक छोटंसं भाषण दिलं.

दुपारी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशी फोन लागताच म्हणाला, “आज समुद्रात काय झालं?”

तेव्हापासून तसंच सुरू झालं. आठवड्यातून तीन दिवस मी जायचे आणि तीन दिवस त्याला समुद्र सांगायचे. उरलेले दिवस मनाने रचून सांगायचे. तो कोरड्या डोंगरांत बसलेला, आणि मी त्याला भरतीच्या वेळा सांगतेय. मुलगी मांडीवर बसून मध्येच विचारायची, “उंड दी हाये?” म्हणजे, आणि शार्क? तिला शार्कच हवे असायचे. बाड हॉम्बुर्गची मैत्रीण म्हणाली, “तू हल्ली फारच खुशीत असतेस. नवरा नाही म्हणून की काय?” मी हसले. तिलाही सांगितलं नाही. मी खुशीत होतेच. तो तिकडे होता त्या नऊ महिन्यांत मला भीती वाटायची, अन्नाची चव जायची, आणि तरीही मी आयुष्यात कधी नव्हते इतकी खुशीत होते. दोन्ही खरं आहे.

तो परत आला तो बारीक होऊन, आणि फार हळू बोलायला लागून. पहिल्या आठवड्यात नुसता झोपला. दुसऱ्या आठवड्यात म्हणाला, “मला तुझा क्लास बघायचाय.”

मी टाळलं. आज सुट्टी आहे म्हटलं, आज प्राध्यापक आजारी आहेत म्हटलं. तिसऱ्यांदा निमित्त सापडेना. मग आम्ही गेलो. तो माझ्या शेजारी मागच्या बाकावर बसला, गुडघे मावत नव्हते तरी. दिवे मंद झाले. त्याला जर्मन माझ्याहून कमी येतं, पण समुद्रगाईचा सांगाडा दिसला तेव्हा त्याने माझ्या हाताला हात लावला.

तास संपता संपता एक कागद फिरू लागला. परीक्षेला बसणाऱ्यांनी नाव आणि विद्यार्थी क्रमांक लिहायचा होता. कागद बाकामागून बाक मागे येत राहिला, शेवटी त्याच्या हातात आला. त्याने मला दिला. मी तो पलीकडच्या मुलीकडे सरकवला.

“तू नाही लिहिलंस,” तो म्हणाला.

“नंतर लिहीन.”

“ती गोळा करतेय बघ.”

मी वहीकडे बघत बसले. वर्ग रिकामा झाला.

बसमध्ये मी सगळं सांगितलं. नंबर नाही, प्रवेश नाही, माझ्या नावापुढे शून्य आहे, सगळे छत्तीस पोरीच्या नावावर आहेत. मला वाटलं होतं, तो वेडी म्हणेल, डोक्यावर टपली मारेल, फार तर हळवा होईल. मनातून मला ते हवंही होतं. आमच्यात कधी छत्तीसचा आकडा नव्हता, पण त्या दिवशी तो माझ्याकडे परक्यासारखा बघत होता.

“चार वर्षांतली दोन तुझी होती,” तो म्हणाला. “मी तिकडे रोज मोजायचो. ही तिची, ही तुझी. तू ती टाकून दिलीस.”

“टाकली नाहीत रे. पोरीला दिली.”

“मी तुला दिली होती.” मग थोडं थांबून म्हणाला, “माझी आई आयुष्यभर ‘मला काही नको’ म्हणत आली. बी.एड. सोडून ती स्टोअरमध्ये उभी राहिली, आणि तरी मला काही नको. त्याचं ओझं कोणावर पडतं माहितीये? मला ते आपल्या पोरीवर नकोय.”

किंडरगार्टनच्या दारात मुलगी धावत आली आणि त्याच्या पायाला बिलगली. मी तिची टोपी शोधत राहिले. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

घरी आल्यावर त्याने लॅपटॉप उघडला. तो अजून नोकरीत होता, त्यामुळे बदल करता येत होता. त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. “किती?”

“तू लिही.”

“नाही. तू.”

मी माझ्या चौकोनात सहा लिहिलं. बारा केलं. अठरा केलं, त्याने सांगितलं होतं तेवढंच. तो नुसता बघत होता, आणि मला एकदम रडू आलं, कारण ते अठराही खोटं होतं.

“मला सगळे हवे होते,” मी म्हणाले. “तेव्हाही. सगळे छत्तीस. म्हणून तर शून्य लिहिलं. एकदा सुरुवात केली असती तर मी तिला काहीच ठेवलं नसतं.”

आतल्या खोलीत मुलगी शार्क शार्क खेळत होती. नवऱ्याने डोळे पुसले, की चोळले, मला कळलं नाही. “तिच्या कॉलेजला अजून चौदा वर्षं आहेत,” तो म्हणाला. “तोपर्यंत तू कमवायला लागशील. तिचं नाव यादीत राहायला एक महिना पुरतो.”

मी तिच्या नावापुढे एक लिहिलं आणि माझ्या नावापुढे पस्तीस. आईने पाहिलं असतं तर काय म्हणाली असती, हे मनात आलंच. लाज वाटली, अजूनही वाटते. त्याने बटणाकडे हात नेला, तेव्हा मी तो बाजूला केला आणि बटण मीच दाबलं.