सर्दीपासून सोळा पावलं

आमच्या शेजारच्या आबांइतका सर्दीला भिणारा माणूस अख्ख्या जळगावात दुसरा नसेल. कापसाच्या जिनिंगमधली कारकुनी सोडल्यापासून ते एकटेच राहत. दिवाळी सरली की डोक्यावर कानटोपी, कानटोपीवर मफलर आणि मफलरवर उपरणं चढे, ते होळीलाच उतरे. कोणी शिंकलं की आबा मागे सरकत. किती सरकायचं तेही ठरलेलं होतं: शिंकेला आठ पावलं, खोकल्याला सोळा. मी ती मोजून पाहिली आहेत. कधी चूक आढळली नाही.

खिशात कापसाचा पुंजका असे. त्यातली एक तार हवेत सोडून ते वारा कुठला ते पाहत, मग माणसांच्या वरच्या अंगाला, वारा येईल त्या बाजूला बसत. चोपन्न सालच्या पौषात आम्ही अकराजण मळ्यात भरीत खायला गेलो. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली. आबा ताट घेऊन दूर बांधावर बसले.

"आबा, तठे काबर बठनात? आठे या ना," मळेवाल्याने हाक मारली.

"तुमच्यात तिघं शिंकताहेत," आबा म्हणाले.

आम्ही हसलो आणि गप्पांना लागलो. उठताना ध्यानात आलं, आबांना दुसरी भाकरी कोणी वाढलीच नव्हती. वाढायला मीच होतो.

पुढच्याच महिन्यात त्यांची धुळ्याची मुलगी सव्वा वर्षाच्या नातीला घेऊन आली. जावयाची बदली कलकत्त्याला झालेली. आता दोन वर्षं तरी भेट नव्हती. आबांनी नातीला बारशालाच काय ते पाहिलं होतं. आणि तिचं नाक वाहत होतं. दोन दिवस आबा ओसरीच्या टोकावरूनच तिच्याशी बोलले.

"आबा, पोर काही पटकी घेऊन आलेली नाही. एकदा तरी घ्या," मुलगी म्हणाली.

"नाक थांबू दे, मग घेतो."

"उद्या गाडी आहे आमची. सांगू का नाकाला तसं?"

सामान चढवायला मी स्टेशनवर गेलो होतो. आबा डब्यापासून आठ पावलांवर उभे. घंटा झाली तसे ते तडक खिडकीशी गेले. मुलीने पोर बाहेर दिलं. पोरीने मफलर-उपरण्यासकट कानटोपी ओढून काढली, आबांच्या गळ्यात नाक खुपसलं आणि शिंकली. आबा हलले नाहीत. मिनिट-दोन मिनिटं असतील. मग पोर आत गेलं आणि गाडी सुटली.

चौथ्या दिवशी आबांचं नाक वाहू लागलं. मी अडुळशाचा काढा घेऊन गेलो, तर त्यांनी पेला हातातही धरला नाही.

"राहू द्या, भाऊ," ते म्हणाले. "नातीकडची आहे. जाईल तेव्हा जाईल."