तीस दिवसांची जेल आणि टॉवरचे फाटक

अर्जदार: मी स्वतः. वय त्रेपन्न, शिक्षण नववी, व्यवसाय अर्जलेखन, राहणार भांडुप पश्चिम, टेकडीवरची चाळ.
विरुद्ध पक्ष: श्री. दीक्षित, सेक्रेटरी, चाळीखालच्या टॉवरची सोसायटी.
घटना: मंगळवार, सकाळी अकरा. वॉर्ड ऑफिसबाहेरील माझे टेबल.
साक्षीदार: सुलोचना परब, शेजारीण. त्यांचाच अर्ज मी तेव्हा लिहीत होतो.

श्री. दीक्षित गाडीतून उतरले नाहीत. काच खाली करून, रांगेला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "काय रे अर्जवाल्या, जेलमध्ये गेलास म्हणे? तीस दिवस?"

रांग हसली. माझी रांग. ज्यांचे अर्ज मी लिहितो ती माणसे.

खुलासा करणे भाग आहे. समाजमाध्यमावर एखाद्याचे खाते बंद झाले की 'जेलमध्ये गेला' म्हणण्याची हल्ली रीत आहे. माझे बंद झाले होते. टॉवरवाल्यांनी आमची जुनी वाट फाटक लावून अडवली. सुलोचनाबाईंच्या नवऱ्याला डायलिसिसला न्यायचे तर खुर्चीत बसवून टेकडीच्या पायऱ्यांवरून उतरवावे लागते. हे मी भांडुपच्या ग्रुपवर लिहिले. पंचवीस वर्षे लिहितो तसेच: मुद्दे क्रमाने, शेवटी साक्षीदारांची पूर्ण नावे, खोली क्रमांक, फोन नंबर. पत्त्याविना साक्षीदार म्हणजे कचऱ्यात गेलेला अर्ज, हे माझे शिक्षण. तिथे तोच गुन्हा ठरला. दुसऱ्यांची खाजगी माहिती उघड केली, अशी तक्रार टॉवरमधल्या अनेकांनी एकाच दुपारी केली. खाते तीस दिवसांसाठी बंद.

चाळीतल्या बायांचे नंबर मी चव्हाट्यावर मांडले, ही चूक माझीच. ती मी त्यांच्या दारात जाऊन कबूल केली. श्री. दीक्षितांना ती कबुली नको होती.

"लेखी माफी दे. फाटकाचं नाव काढायचं नाही. मग तक्रारी मागे घेऊन सोडवतो तुला."

माझे वडील गिरणीत होते. साहेबासमोर चपला काढून उभे राहत. मीही खुर्चीतून अर्धा उठलो होतो. "साहेब" म्हणालोही होतो. लिहायला लाज वाटते. लिहितो.

सुलोचनाबाईंनी बाही धरून मला खाली ओढले. "बसा हो भाऊ. बोलूचा आसात तर उतरान येवंदेत."

मी बसलो. पेनाचे टोपण काढले. "दीक्षित, रांगेत उभे राहा. नंबर आला की तुमचंही लिहून घेतो."

या वेळी रांग हसली नाही. काच वर गेली.

खऱ्या जेलमध्ये टाकण्याआधी आरोप वाचून दाखवतात. माझे शब्द पुसणाऱ्यांपैकी एकाचीही सही कुठे नाही. म्हणून हा अर्ज कागदावर, तीन प्रतींत: वॉर्ड ऑफिसला, सोसायटीला, आणि तिसरी त्याच फाटकावर. साक्षीदारांना विचारून सह्या घेतल्या आहेत. फोन नंबर दिलेले नाहीत.

मागणी: फाटक उघडावे, अथवा ते कोणत्या हक्काने लावले हे सही-शिक्क्यानिशी सात दिवसांत कळवावे. न कळवल्यास आठव्या दिवशी सकाळी परबांची खुर्ची त्याच वाटेने खाली उतरेल. पुढचा खांदा माझा असेल. लेखी माफी मिळणार नाही.

पोच द्यावी.