लिलावानंतरची आकृती

"जर्नल कुठाय?" मी सानिकाला चौथ्यांदा विचारलं. तिने चौथ्यांदा जमिनीकडे बघितलं. दहावीच्या सायन्स जर्नलमध्ये बारा प्रयोग लिहायचे होते. तिचे दोन झाले होते, तेही अर्धवट.

हेडसर म्हणाले, "मॅडम, महिनाअखेरीनंतर मी सही करणार नाही. इंटर्नल मार्क गेले तिचे. आळशी आहे ती."

"आळशी नाही सर. तिला सुरुवातच करता येत नाही."

सानिकाला नर्सिंगला जायचं होतं. सायन्सचे मार्क गेले असते, तर नर्सिंगचा विषयच संपला असता.

ट्रेनिंगमध्ये याला एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. नाव जड, गोष्ट साधी. काम कुठून धरायचं, कशानंतर काय करायचं, मध्येच दुसरं निघालं तर परत तिथेच कसं यायचं, हे सांभाळणं. काहींना ते आपोआप जमतं, काहींना शिकवावं लागतं. मी हट्टाला पेटले. रंगीत वेळापत्रक करून दिलं: रोज पाच ते सहा, एक प्रयोग. आठवडाभरात एक ओळ वाढली नाही. मला खरंच राग आला. शनिवारी शाळा सुटल्यावर तडक हर्णेला तिच्या घरी गेले.

वेळापत्रक भिंतीवर नीट चिकटवलेलं होतं. आई अंगणात मासळी वाळत घालत होती.

"बाई, पाचला आम्ही दोघी बंदरावर," ती म्हणाली. "लिलाव काय घड्याळ बघून लागतो? होड्या येतील तेवा."

हर्णेला संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. माझ्या डोक्यात आलं नाही. लाज वाटली.

मग मी वेळापत्रकातून घड्याळच काढून टाकलं. सानिकाला विचारलं, "लिलावावरून आल्यावर पहिलं काय करतेस?"

"पाय धुते. नायतर आय आत घेत नाय."

तेच लिहिलं. पाय धुतले की जर्नल उघडायचं. आकृती काढायची. मग जेवण. जेवल्यावर कृती लिहायची. चार ओळींची चिठ्ठी जर्नलच्या पुठ्ठ्यावर चिकटवली. झालेल्या ओळीवर तिने टिक करायची; सकाळी मी फक्त किती टिक आहेत ते बघायचे.

पहिले दोन दिवस जर्नल नुसतं उघडलं गेलं. मी गप्प बसले, जे मला फार जड जातं. तिसऱ्या दिवशी आकृती आली.

महिनाअखेरीला बारा प्रयोग पुरे झाले. हेडसरांनी दोनदा पानं मोजली आणि सही केली. दुसऱ्या दिवशी सानिकाने पुठ्ठ्यावरची चिठ्ठी सोडवून माझ्या हातात दिली.

"आता नको बाई. माझं मला आठवतं."

वेळापत्रक करून देणाऱ्याने आधी त्या घरात संध्याकाळी काय चालतं ते विचारावं. मला हे सुचायला वीस वर्षं नोकरी करावी लागली.